संत्र्यांच्या संध्याकाळचा जग

मी जग बोलतोय. दचकू नका. सगळी दुनिया ज्यात मावते ते जग नव्हे. टेबलावर बसतो आणि कानाला धरून उचलला जातो, तो जग. काचेचा, पोटानं गोल, गळ्याशी जरा निमुळता.

माझा जन्म भट्टीतला. एका लांब लोखंडी नळीच्या टोकाला मी केशरी, मऊ, लोंबकळत होतो आणि दुसऱ्या टोकाला एक कारागीर गाल फुगवून फुंकत होता. मध्येच त्याला खोकला आला. त्या खोकल्याचा एक बुडबुडा माझ्या बुडाशी कायमचा अडकला. तेवढ्यावरून दुकानदारानं मला मागच्या फळीवर ढकललं. तिथं धूळ खात मी बरेच दिवस काढले.

मग एक दिवस ठसक्यात बोलणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी मला उजेडात धरलं, बुडबुड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाच द्या. याच्या पोटात काहीतरी आहे."

त्यांना मी सासूबाई म्हणणार, कारण ही गोष्ट त्यांच्या सुनेची आहे.

सासूबाईंच्या घरी मला वर्षभर फारसं काम नसायचं. मी स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात डुलक्या घ्यायचो. पण हिवाळ्यात एक दिवस यायचा, वर्षातला सगळ्यात आखूड. दुपारचा चहा संपतो न संपतो तोच खिडकीबाहेर अंधारून यायचं, काचांवर धुकं बसायचं, रस्त्यावरचे दिवे पाण्यात पडल्यासारखे पसरट दिसायचे. त्या संध्याकाळी सासूबाई घरच्यांना आणि शेजाऱ्यांना बोलवायच्या आणि संत्र्यांचं कॉकटेल करायच्या. "थंडीचं औषध आहे," असं म्हणायच्या, आणि औषध मात्र ग्लास भरून द्यायच्या.

आधी साखरेचा पाक. त्यात आल्याचे काप, दालचिनी, मोजक्या लवंगा आणि संत्र्याच्या सालीच्या पातळ पट्ट्या. पाक निवला की तो माझ्यात उतरायचा. मग संत्र्याचा रस, लिंबाचा रस, त्यावर रम, बर्फ आणि सगळ्यात शेवटी सोडा. सोड्याचे बुडबुडे माझ्या अंगभर गुदगुल्या करत वर धावायचे आणि मी दिव्यासारखा उजळायचो. त्या खोलीतला सूर्य आज माझ्यातच मावळलाय, असं मला खरोखर वाटायचं.

मला नाक नाही. वास म्हणजे काय, ते मी माणसांच्या चेहऱ्यांवरूनच शिकलो. पाकाचा वास आला की सासूबाईंचे डोळे अर्धे मिटायचे.

त्यांनी ही विद्या दिली सुनेला. सून बेकरीत भट्टीवर कामाला होती. पाव झाला की नाही, हे ती झाकण न उघडता, नुसत्या वासावरून सांगायची. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. सासूबाई म्हणायच्या, "घड्याळाकडे बघू नकोस गं. नाकाला विचार." त्यांची स्वतःची लेक तेव्हा दातांची डॉक्टर होण्यासाठी पुस्तकांत बुडालेली. स्वयंपाकघरात ती यायची ती फक्त ग्लास घ्यायला, आणि दोघींना तसं हसताना पाहून आल्या पावली परत जायची.

सासूबाई गेल्या. संत्र्यांची संध्याकाळ सुनेनं चालू ठेवली. नणंद दर वर्षी यायची, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची, एक ग्लास प्यायची, "बरंय" म्हणायची आणि निघायची. त्या "बरंय"ला गोडी नव्हती, पण कडूपणाही नव्हता. नुसतं कोरडं होतं ते.

मग एका वर्षी थंडीच्या तोंडावर सुनेला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला.

आधी तिला कळलंच नाही. एकदा लिंबू चिरलं आणि ती थबकली. अर्धी फोड नाकाशी धरली, मग अगदी नाकपुडीला टेकवली. मी समोरच होतो. तिचा चेहरा रिकाम्या खोलीसारखा झाला. डॉक्टर म्हणाले, "येईलही परत, नाहीही येणार. वाट बघायची." बेकरीत ती समोर उभी असतानाच पावांचा एक अख्खा ट्रे आत जळून कोळसा झाला आणि धूर दिसेपर्यंत तिला पत्ता नव्हता. मालकांनी तिला भट्टीवरून काढून गल्ल्यावर बसवलं. वाईट हेतूनं नव्हे, पण बसवलं.

घरी ती चमचा पुढे करायची. "बघा ना, कसं झालंय?"

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जिवाला जीव देणारा माणूस. तो चमचा तोंडात घ्यायचा आणि म्हणायचा, "एक नंबर!" जळकी भाजी एक नंबर, करपलेलं दूध एक नंबर. मग ती पाठमोरी झाली की घटाघटा पाणी प्यायचा. मला दिसायचं सगळं. काचेपासून कोण काय लपवणार?

तो आखूड दिवस आला. ती म्हणाली, "या वर्षी करूच. जिभेला आंबटगोड कळतं. बाकीचं हाताला पाठ आहे."

दुपारी तिनं पाक ठेवला. लवंगा टाकल्या. भांड्यावर वाकून श्वास घेतला. काहीच आलं नाही. थोड्या आणखी टाकल्या. पुन्हा वाकली. मग डबाच हातात घेतला आणि रडू आवरणारं माणूस करतं तशा घाईनं मूठभर लवंगा आत सोडल्या. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्यानं वास घेतला, तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"कसा येतोय वास?" तिनं विचारलं.

"अगदी आईसारखा," तो म्हणाला.

संध्याकाळी मंडळी जमली. मी मध्ये उजळून बसलो होतो, रंगात काही खोट नव्हती. ग्लास भरले गेले. पहिल्या घोटाबरोबर खोलीत एक विचित्र शांतता आली आणि लगेच सगळे एकदम बोलू लागले. "वा!" "फर्मास!" "हात कसला गं तुझा!" वरच्या मजल्यावरचे टेलरकाका खिडकीशी गेले, बाहेरचं धुकं बघितल्यासारखं केलं आणि आपला ग्लास हळूच कुंडीत रिकामा केला. ग्लासांची पातळी काही खाली जाईना. सून या ग्लासाकडून त्या ग्लासाकडे बघत होती. तिचं हसू थोडं थोडं उतरत चाललं होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून नणंद उठली. ग्लास माझ्याशेजारी ठेवला.

"वहिनी, खरं सांगू?"

"अगं, गप की तू!" नवरा घाईनं म्हणाला.

"दादा, तू गप. वहिनी, हे दातांच्या दवाखान्यासारखं लागतंय. लवंगेचं तेल. मी दिवसभर त्याच वासात असते, मला विचार."

कुणीतरी ठसकलं. मग इतकं शांत झालं की बर्फ तडकल्याचा आवाज आला. तो माझ्याच पोटातला होता.

सून नवऱ्याकडे वळली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कधीपासून खोटं बोलताय?"

तो खाली बघू लागला. "तुला वाईट वाटेल म्हणून..."

"अहो, माझ्या नाकाचा भरवसा गेला होता," ती म्हणाली. "तुमचा तरी होता ना! मी तुमच्या तोंडाकडे बघून मीठ घालत होते." आणि ती खुर्चीत बसून रडली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांसमोर, लाज न धरता. नवऱ्याचेही डोळे भरले. "चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला. टेलरकाका अपराधी चेहऱ्यानं कुंडीकडे पाहत राहिले.

मला वाटलं, आता नणंद पर्स उचलणार आणि जाणार. तिनं उलट बाह्या वर सारल्या. मला कानाला धरून उचललं, आत नेलं आणि सगळं कॉकटेल मोरीत ओतून दिलं. मला धुतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या हातांनी मला धुतलं.

"ये, वहिनी. संत्री आहेत अजून. मला काही येत नाही, आधीच सांगते."

खरंच येत नव्हतं. लोकांच्या जबड्यात बिनदिक्कत हात घालणारी ती बाई संत्र्याची साल काढताना बोट कापून घेणार होती. सुनेनं नाक पुसलं, डोळे पुसले आणि तिच्या हातावर हात ठेवला. "पातळ काढ. खालचा पांढरा भाग नको, कडवट होतं."

"आईनं मला हे कधी शिकवलंच नाही," नणंद म्हणाली.

"त्या म्हणायच्या, लेकीनं कधी विचारलंच नाही."

"तुम्ही दोघी एवढ्या रंगलेल्या असायचात. मध्ये कुठे शिरू?"

 सून सरकली आणि शेगडीपाशी तिच्यासाठी जागा केली.

पाक पुन्हा उकळू लागला. यावेळी लवंगा मोजक्या. नणंद भांड्यावर वाकली, वाफेनं तिच्या चष्म्यावर धुकं धरलं.

"कसला वास येतोय?"

"गोड."

"गोड म्हणजे कसा? नीट सांग."

"ओल्या लाकडासारखा. पावसात भिजलेलं दार असतं ना, तसा."

"मग थांब अजून."

दोघी थांबल्या. खिडकीबाहेर धुकं आणखी दाट झालं होतं. दिवे कुठे, रस्ता कुठे, काही समजत नव्हतं. ते स्वयंपाकघर जणू एकटंच कुठेतरी तरंगत निघालं होतं.

"आता?"

नणंदेनं डोळे मिटले. वाफ पुन्हा नाकात ओढली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "वहिनी... आईच्या शालीचा वास येतोय."

"बस्स!" सून ओरडली. "बंद कर गॅस! हेच ते!"

दोघी तिथंच, भांड्यावर वाकलेल्या, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. एकीला तो वास येत होता. दुसरीला येत नव्हता, पण कुठला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मी दुसऱ्यांदा भरलो आणि टेलरकाकांनी माझ्या तळापर्यंतचं मागून घेतलं.

सुनेचं नाक परत आलं नाही, अजूनही नाही. पण दुसऱ्याच दिवशी ती बेकरीत जाऊन मालकांना स्पष्ट म्हणाली, "मला भट्टीवर बसवा. वास घ्यायला शेजारी कुणीतरी द्या, बाकीचं मी बघते." आता ती पाव रंगावरून ओळखते, टिचकी मारून आवाजावरून ओळखते. नवरा चमचा तोंडात घेतो, जरा भीतभीतच सांगतो, "मीठ जास्त झालंय." ती म्हणते, "जेवायचं तर जेवा," आणि हसते. नणंद हिवाळ्याचीच वाट बघत नाही, एरवीही अधूनमधून येते.

माझं म्हणाल, तर गेल्या हिवाळ्यात दोघी गप्पांत इतक्या रमल्या, की पाक न निवताच माझ्यात ओतला. कडकन आवाज झाला आणि कानापासून पोटापर्यंत एक रेघ उमटली. आता माझ्यात काही ओतत नाहीत, झिरपतं. खिडकीत ठेवलंय मला. हिवाळ्यातलं ऊन येतं, माझ्यातून आरपार जातं आणि समोरच्या भिंतीवर मोसंबी रंगाचा एक डाग हलत राहतो. बरं चाललंय.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात कुणी चमचा पुढे करून "बघ, कसं झालंय?" असं विचारलं, तर आधी खरंच चाखा. मग खरं सांगा. आणि सांगून झालं की दारात उभे राहू नका; बाह्या वर सारा आणि आत या.