चंदेरी वाटी

कमलाकांतचं सुकाणू एका वाटीवर अडलं होतं. वाटी म्हणजे त्याच्या नव्या जीपीएसची अँटेना. "नारळी पुनवेच्या आत तुझ्या यंत्रानं बोट कुठं हाय ते दाखवलं, तर सुकाणू तुझं. नायतर औंदा बी मीच," असं त्याचा बाप दादूबाबा खलाशांसमोर बोलून बसला होता. पुनव आली तीन दिवसांवर, आणि यंत्र आपलं ढिम्म.

बोटीच्या रंगकामात कमलाकांतनं वाटी केबिनवरून काढून थेट डोलकाठीच्या टोकाला नेली होती. हौस दांडगी! वायर तिप्पट लांब झाली. सिग्नल वायरीतच मरतोय, असं ठरवून त्यानं बोईसरला प्रतापचं भंगाराचं दुकान गाठलं.

प्रतापकडे जहाजांवरच्या जादा मालाचा डबाच होता. त्यातून त्यानं अंगठ्याएवढी डबी काढली. "हा अॅम्प्लिफायर. १५७५ आकडा बघ, म्हणजे उपग्रहाचाच. टीव्हीचा बूस्टर चालणार नाही. ही बाजू अँटेनाकडं, ही यंत्राकडं. वीज वायरीतूनच मिळते त्याला."

डबी बसवली. यंत्र ढिम्म. दुसऱ्या दिवशी दुसरी आणली. तरी ढिम्म.

"उपग्रह जेवायला गेला असंल," दादूबाबा जाळं विणता विणता म्हणाला. खलाशी खिदळले. कमलाकांतला रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी प्रताप स्वतः सातपाटीला बोटीवर आला. "डबी आलेला सिग्नल वाढवते, भाऊ. आलाच नाही तर काय वाढवणार?" असं म्हणत त्यानं वर पाहिलं. डोलकाठी आणि वाटी, दोन्ही उन्हात चकाकत होती. "वाटीला चंदेरी रंग कुणी फासला? धातूची पूड असते त्यात. झाकणच घातलंत की."

कमलाकांतनं हात पाठीमागे नेले. दोन हात रंग त्यानंच दिला होता, नखांत अजून चंदेरी होती. खलाशी एकमेकांकडं बघायला लागले.

"मीच लावला," दादूबाबा म्हणाला. "नजर गेली माझी. काठी कुठली नि वाटी कुठली, कळलं नाय."

म्हातारा दहा वर्षांत डोलकाठीवर चढला नव्हता. बोटीवर सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी हसलं नाही.

वाटी खाली काढून खरवडली, डोलकाठीवर परत बसवली. थोड्या वेळानं यंत्रावर आकडे उमटले.

दादूबाबा सुकाणूपासून उठून बाजूला झाला. कमलाकांत पुढं सरकला, तसं म्हातारा हळूच पुटपुटला, "आधी नखं घासून ये."