कप्तानाचा उजवा कान

"ताई, हात धुऊन घे. दुकानाची जागा विकत घेणारा माणूस येतोच आहे," धाकटा भाऊ दुकानाच्या दारातूनच म्हणाला.

"येऊ दे. आधी हा पंप." लॉन्ड्रीवाल्या मावशींचा पंप तिने टेबलावर उघडून ठेवला होता.

"अगं, लोक बाबांसाठी यायचे. तुझ्याकडे कोण येणार?"

"ह्या काय, मावशी आल्यात."

बाबांना जाऊन महिना झाला होता. नौदलातून निवृत्त होऊन त्यांनी हे पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि गल्लीने त्यांना परस्पर कप्तान करून टाकलं. "अरे, मी इंजिनखोलीत होतो," ते म्हणायचे, "समुद्र मी तुमच्याइतकाच पाहिलाय!" सवयी मात्र जहाजावरच्याच. वस्तू घरंगळू नयेत म्हणून फळ्यांना पुढून पट्टी ठोकलेली, प्रत्येक पाना दोरीने बांधलेला. आई वैतागायची, "दुकान काय लाटांवर चाललंय?" "तुझ्या राज्यात काय भरवसा!" हे ठरलेलं उत्तर.

इंजिनांच्या धडधडीत त्यांचा डावा कान गेला होता. दुरुस्त झालेल्या पंपाला ते स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ उजव्या कानाशी धरायचे. बेअरिंग कुरकुरलं तर पंप दुकानाबाहेर पडायचा नाही. शाळा सुटली की ती शेजारी बसायची. ऐकायला शिकली ती त्यांच्यासारखीच, उजव्या कानाने.

"कप्तान असते तर कालच दिला असता," मावशींनी टोमणा मारला. "चादरींचा ढीग पडलाय माझ्याकडे."

"कप्तान असते तर असं बोलायची हिंमत झाली असती का, मावशी?"

मावशी हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

तिने पंप जोडून चालू केला. पाणी जोरात आलं.

"झालं की! देऊन टाक," भाऊ म्हणाला.

तिने पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून कानाशी मूठ धरली आणि बटण बंद केलं. पंप पुन्हा खोलला. बेअरिंग काढलं, पुसलं, नीट बसवलं. मावशी घड्याळाकडे बघत राहिल्या, पण उठल्या नाहीत.

पुन्हा पंप सुरू झाला. ती वाकून ऐकत असताना भाऊ डावीकडून म्हणाला, "ताई, तो माणूस आलाय. काय सांगू?"

तिने मान न वळवता हात वर केला. "इकडच्या बाजूने बोल."

तिचा डावा कान ठणठणीत होता. भावाला ते ठाऊक होतं. तो क्षणभर जागीच थांबला. मग टेबलाला वळसा घालून उजवीकडे आला आणि बाबांशी बोलायचा तसा आवाज चढवून म्हणाला, "त्याला परत पाठवू?"

"पाठव," ती म्हणाली, आणि पुन्हा ऐकू लागली.