वयानुसार अक्षरं

ऋतुराज अहमदाबादला ग्राफिक डिझाइन शिकला आणि संभाजीनगरला परत आला, तो डोळे तिकडंच ठेवून. म्हणजे रंग बघून निवडणं त्यानं सोडून दिलं होतं. आवडनिवड हा मागासलेपणा. नियम करायचे, फासा टाकायचा, येईल ते छापायचं. याला तो ‘प्रोसेस’ म्हणे. न शिकलेली माणसं याला कंटाळा म्हणतात.

पहिला मोठा प्रयोग स्वतःच्या लग्नपत्रिकेवर झाला. आजीचं, आवडाबाईचं, एकच मागणं होतं. कन्नड गावातला तिचा धाकटा भाऊ पुंडलिक विहिरीच्या हिश्श्यावरून सतरा वर्षं तिच्याशी बोलत नव्हता. “म्या फोन करणार नाय,” ती म्हणाली. “पण चांगली पत्रिका गेली तर येईल त्यो.”

फाशानं कागद दिला राखाडी, शाई काळी. दुसरा नियम, जितकं वय तितकं अक्षर मोठं. आजी चौऱ्याऐंशीची, त्यामुळं कागदभर आवडाबाई. नवरी श्रेया सत्तावीस वर्षांची, ती तळाशी मुंगीएवढी. तिसरा नियम, चौकटीबाहेर जाईल ते चित्र काढून टाकायचं. गणपतीची सोंड बाहेर गेली. गणपती गेला.

छापखान्यातल्या कडुबानं कागद उलटा करून बघितला. “भाऊ, कोपऱ्याला कुंकू तरी लावू का?”

“हस्तक्षेप नको.”

पत्रिका गेल्या. चौथ्या दिवशी दारात जीप थांबली. पुंडलिक, मागं अकरा माणसं, खांद्यावर पंचे. “अक्काऽऽ!”

उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली आवडाबाई दचकली. “कोण गेलं रं?”

“तूच की!”

“पत्रिका वाचली नाय व्हय?”

“दुःखाचं पत्र वाचत बसतंय का कुणी? काळं अक्षर, तुझं नाव हे एवढालं! घरात ठिवत न्हाईत, म्हणून दारातच फाडलं.”

ऋतुराज फोन घेऊन पुढं आला. “आजोबा, रंग बघून नेमकं काय वाटलं? रेकॉर्ड करतो.”

“ह्यो कोण?”

“नवरदेव.”

“मंग ह्यालाबी फाडा.”

पुंडलिकानं डोळे पुसले. “जित्ती हायस, लई बरं झालं. पण म्या मयताला आलो, न बोलावता. लग्नाला बोलवावं लागतं.” आणि पाणीही न घेता जीपमध्ये जाऊन बसला. जीप मात्र हलली नाही.

आवडाबाई नातवाकडं वळली. “लाल पाहिजे. गणपतीसकट.”

“आजी, निकाल बदलायचा नसतो.”

“बदलू नको. टाक फासा.”

हिरवा आला.

“परत.”

“असं नसतं गं.”

“माझाबी नियम हाय. लाल येस्तोवर टाकायचा.”

चौदाव्यांदा लाल आला. ऋतुराजनं कडुबाला फोन लावला. कडुबाकडं लाल पत्रिका पहिल्या दिवसापासून जुळवून तयार होती, हे त्यानं फोनवर सांगितलं नाही. अर्ध्या तासात घेऊन आला एवढंच. आवडाबाईनं कुंकू लावलं आणि स्वतः जीपपाशी गेली.

पुंडलिकानं पत्रिका घेतली, डोक्याला लावली, खिशात घातली.

“ही तरी वाच की.”

“कशाला? कळलं,” तो खाली उतरत म्हणाला. “च्या टाक.”