पाठीवरची शिवण

सगळे आधी माझं तोंड बघतात. बाईंनी मात्र मला हातात घेताच पालथं घातलं आणि पाठीवरच्या शिवणीवरून नख फिरवलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी कापडाची बाहुली. उशीच्या जुन्या अभ्र्याचं अंग, काळ्या लोकरीचे केस, एक भुवई जरा वर चढलेली. जिने मला घडवलं तिला वर्गात सगळे 'डावरी' म्हणतात, सुई डाव्या हातात धरते म्हणून. तिने मला उलटं शिवलं, पाठीतल्या फटीतून सुलटं काढलं, पोटात चिंध्या ठासल्या आणि ती फट बारीक तिरप्या टाक्यांनी मिटवली. शेवटची गाठ मारून दोरा दाताने तोडला. तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या.

बाई हस्तकला शिकवतात. बाकीच्या बाहुल्या त्यांनी घरी पाठवल्या आणि मला स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. मलाच का? शेजारी एक कात्री तोंड उघडं टाकून पडलेली. किल्ली फिरली की मी दचकायचे.

येईल त्याला बाई मला दाखवायच्या. "बघा बघा. अहो, आधी हात पुसा!" समोरचा म्हणायचा, "वा बाई, काय हात आहे तुमचा!" बाई खुदकन हसायच्या, मला आत ठेवायच्या आणि दार लावायच्या. पुढचं बोलणं मला ऐकूच यायचं नाही. पण जे ऐकलं तेवढं पुरे होतं. ही बाई डावरीचं नाव पुसून मला आपल्या नावावर खपवणार, याची मला खात्री पटली.

त्यात शाळेतल्या हस्तकलेच्या प्रदर्शनाच्या दिवशी डावरी आलीच नाही. तीही यात सामील? की मला विसरली?

परीक्षक आले. त्यांनी मला उलटसुलट केलं. "बाई, हे मुलीचं काम वाटत नाही."

"मग कुणाचं वाटतं?"

"आता काय बोलायचं? इतके दिवस होती तुमच्याच कपाटात, म्हणे."

बरोब्बर पकडलं, मी मनात म्हटलं.

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी पिशवीतून स्वतः शिवलेला रुमाल काढला आणि माझ्या पाठीशेजारी ठेवला. "हे माझे टाके. इकडे कललेत. आणि हे तिचे, तिकडे. ती डावरी आहे, साहेब. आधी शेजारी बसवून शिकवायचे, तर दोऱ्याचा नुसता गुंता. मग समोर बसवली. म्हटलं, आरशात बघतेस तसं माझ्याकडे बघ. तेव्हा कुठे तिचा हात बसला. येईल त्याला हेच तर सांगते मी, हात माझा नाही, तिचा!"

म्हणजे ते नख! टाके कुठे कललेत तेच बाई चाचपून बघत होत्या, आणि मी काय काय समजून बसले होते.

पण परीक्षकांचं समाधान होईना. "वरचे टाके हाताचे असतील. आतून मशीन मारलं असेल तर? थोडं उसवून बघू." त्यांनी टेबलावरची कात्री उचलली.

बाईंनी मला झटकन ओढून घेतलं.

"माझ्या मुलीच्या टाक्याला कात्री लागणार नाही. तिलाच बोलावते. तुमच्यासमोर बसून शिवेल."

"मी निघायच्या आत आली तर ठीक. नाहीतर हिला बाद करेन, आणि मुलीने फसवलं असंच लिहीन."

बाईंनी डावरीच्या आईला फोन लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मी. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. "पोरगी येत नाही म्हणालीच होती," बाई माझ्याशीच बोलल्यासारखं पुटपुटल्या, "लोक हाताकडे टक लावून बघतात म्हणे. बघू देत की! बघण्यासारखाच आहे."

पुन्हा लावला. परीक्षकांनी चष्मा घडी करून खिशात टाकला. बाईंच्या तळव्याचा घाम माझ्या अंगात मुरत होता.

उचल गं, डावरे. मला ओठ आहेत ते तू धाग्याने काढलेले, ते उघडत नाहीत, तरी ओरडतेय मी. तुला लबाड म्हणतील. उचल ना!

रिंग मधेच तुटली. पलीकडे कुणीतरी श्वास घेतला.

"बाई...?" डावरीचाच आवाज.