शबनमची झालर

लतीफ मास्टरला कोणी काही शिकवलेलं मुळीच खपत नसे. तीस वर्षं भिवंडीत, कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यांत त्याने जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा म्हणून काढली होती. लूम बिघडला की त्याला बोलावणं यायचं. हा दारातच उभा राहून नुसता आवाज ऐकायचा आणि कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते सांगून मोकळा व्हायचा. त्याच खडखडाटाने पुढे त्याचे कान अधू केले, तरी ऐट तेवढीच राहिली. काम सुटल्यावर चहाची टपरी टाकू या, असं त्याची बायको खदीजा जीव तोडून सांगत होती. हा गृहस्थ एक दिवस टेमघरच्या घरी पांढरी घोडी घेऊन आला. तिचं नाव त्याने शबनम ठेवलं आणि वरातींची कामं घ्यायला लागला.

खदीजा घोडीच्या वाटेला जात नसे. दाणापाणी, खरारा, सगळं लतीफच करायचा. तो पुढ्यात उभा राहिला की शबनम त्याच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवायची आणि तशीच डोळे मिटून उभी राहायची. त्या वेळी त्याच्याशी बोलण्यात काही अर्थ नसे. त्याला ऐकू आलं असतं तरी त्याने उत्तर दिलं नसतं.

वरातीला घोडी सजवण्यात तर त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. इतरांच्या घोड्यांच्या आयाळीला गोंडे असत. शबनमच्या आयाळीच्या बारीक वेण्या ताठ उभ्या राहत, कारण लतीफ त्यांना कांजी लावायचा. सूत लूमवर चढण्याआधी कडक करायला लावतात ना, तीच. ओळखीच्या माणसाकडून डबाभर आणायची, चिमूटभर गूळ घालायचा आणि मानेपर्यंत चोपडायची. ही युक्ती भिवंडीबाहेर कोणाला सुचली नसती, हे तो स्वतःच सांगायचा. दोन हजार सहाच्या मे महिन्यात वराती लागोपाठ होत्या, म्हणून त्याने कांजी धुवायचंही सोडून दिलं. जुन्या थरावर नवा थर देऊन काम भागत होतं.

त्याच महिन्यात माशांनी शबनमचा पिच्छा पुरवला. डोळ्यांच्या कडेला, कानांत, मानेवर, जिथे बघावं तिथे माशा. लतीफने सरळ शेजारच्या महादू पाटलाच्या तबेल्याकडे बोट दाखवलं. महादूच्या आठ म्हशी होत्या आणि स्वभाव थंड होता. त्याने वाद न घालता शेण दिवसातून दोनदा उचलायला सुरुवात केली. माशा काही हटल्या नाहीत. एका वरातीत शबनमने असा काही मानेला झटका दिला की नवरदेव तिच्या गळ्याला मिठी मारून लोंबकळला आणि बँडवाले वाजवायचं सोडून हसत सुटले. लतीफच्या ते जिव्हारी लागलं. आता पुढची वरात खुद्द महादूच्या मुलाची, धनेशची होती. संध्याकाळी टेमघरहून मानकोलीला जायचं होतं आणि या वेळी हसं होऊन चालणार नव्हतं.

कारखान्यांतले कामगार खाटांना ढेकणांची दवा मारतात. एका दुकानात ती सुटी मिळायची. लतीफने ती सरबताच्या रिकाम्या बाटलीतून आणली. बाटलीवर ना कागद, ना नाव. खदीजाने वास घेतला आणि ती हादरलीच. ही दवा मारली की खाट दोन दिवस उन्हात टाकतो, मग झोपतो, आणि तुम्ही ती जित्या कातडीला लावणार, असं तिने स्पष्ट विचारलं. लावत नाही म्हणून त्याने तिला शब्द दिला आणि बाटली चाऱ्याच्या पिंपामागे ठेवून दिली.

लग्नाच्या दिवशी दुपारी खदीजा महादूच्या घरी मदतीला गेली. लतीफने दवा लूमच्या तेलात कालवली, म्हणजे अंगाला चिकटून राहील. चिंधीने ती मानेला, पोटाला, पायांना रगडली. कानांत लावली. डोळ्यांभोवतीही बोट फिरवलं. मग वरातीची मखमली झूल नीट बसते का ते बघायला तीही वर चढवली आणि तशीच राहू दिली. झुलीला आतून रेक्झिन होतं. दहा मिनिटांत एकही माशी उरली नाही. लतीफ स्वतःवर बेहद्द खूश झाला.

तासाभराने शबनमच्या तोंडातून लाळ गळायला लागली. डोळ्यांतून पाणी, खांद्यांची कातडी थरथरतेय, पाय फाकलेले, आणि घाम असा की खालची माती ओली झाली. लतीफने हाक मारली तर तिने कानही हलवला नाही. तयारी कुठवर आली ते बघायला महादू डोकावला आणि आल्या पावली मागे फिरला. त्याच्या म्हशींना बघणाऱ्या डॉक्टर विनिताला त्याने मोबाइल लावला. ती स्कूटीवरून आली तोवर खदीजाही धावत पोचली होती.

विनिताने झूल उचलली. खालची कातडी लाल झाली होती. अंगाला काय लावलंत, असं तिने विचारलं.

लतीफने एकदा खदीजाकडे पाहिलं. "कडुनिंबाचं तेल," तो म्हणाला.

विनिता रागावली नाही. ती त्याच्या कानाजवळ आली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"चाचा, नीट ऐका. तेलाने कातडी उठली असेल तर एक इंजेक्शन. विष असेल तर दुसरं. हे दुसरं गरज नसताना दिलं तर घोडीचं पोट बंद पडतं, आणि गरज असताना नाही दिलं तर ती जाते. तुम्ही सांगाल तेच मी देणार."

लतीफचं तोंड कोरडं पडायला हवं होतं, पण त्याच्याही तोंडात सारखं पाणी सुटत होतं आणि समोरचं धूसर दिसत होतं. बायकोला दिलेला शब्द, गल्लीत मिरवलेली हुशारी, दारात उभा असलेला महादू, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. तेवढ्यात शबनम अडखळत एक पाऊल पुढे आली. तिने सवयीने हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली. ज्याने तिला विष चोळलं त्याच्याच आधाराला ती आली होती. लाळेने त्याचा सदरा भिजला.

तो पिंपामागे गेला आणि बाटली घेऊन आला.

"खटमलची दवा हाय," तो म्हणाला. "लूमच्या तेलात कालवली. मीच चोळली, खदीजा नको म्हणत होती तरी."

पुढचं सगळं भराभर झालं. विनिताने शिरेत इंजेक्शन दिलं. मग तिची नजर लतीफच्या उघड्या हातांवर गेली. आधी साबणाने हात धुवा, सदरा काढून टाका आणि आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात जा, असं तिने फर्मावलं. हा हटून बसला. घोडीला सोडून जाणार नाही म्हणाला.

"तुम्ही जा," खदीजा म्हणाली. "मी हाय हिच्याजवळ."

महादूने रिक्षा बोलावली. लतीफला त्याच्याकडे बघवत नव्हतं. वरातीचं आता काय करायचं, एवढंच तो कसंबसं पुटपुटला.

"पोऱ्याला दोन पाय हायेत, चालत जाईल," महादू म्हणाला. "तू परत ये म्हंजे झालं."

दवाखान्यात लतीफलाही इंजेक्शन मिळालं. दिवेलागणीला तो परतला तेव्हा दूरवर धनेशच्या वरातीचा बँड वाजत होता आणि खदीजा शबनमच्या पोटाला कान लावून उभी होती. तीन वर्षांत जिने घोडीला बोट लावलं नव्हतं, ती बाई. पोट वाजतंय का ते ऐकत राहा, असं डॉक्टरने सांगितलं होतं. लतीफच्या कानांना ते काम जमलंच नसतं. तिने मान वर केली आणि वाजतंय म्हणून खूण केली. तो तिथेच दगडावर बसला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी विनिता पुन्हा आली. आदल्या दिवशी अंगावरची दवा काढायला घोडी धुताना तिला पांढरं, आंबूस पाणी वाहताना दिसलं होतं. गुळाची कांजी घामाने आंबली होती आणि माशा तिच्यावरच येत होत्या. म्हशींचा काही दोष नव्हता. लतीफ गोठ्यात जाऊन महादूची माफी मागून आला, मग डॉक्टरसमोर बसला. तिने समजावलं, माशांचं औषध घोड्यांसाठी बनवलेलंच घ्यायचं, बाटलीवरचा कागद वाचून मोजून घ्यायचं. आधी खांद्यावर रुपयाएवढ्या जागी लावून एक दिवस थांबायचं. तोंडावर फवारायचं नाही, कपड्याने हलकं पुसायचं, डोळ्यांपासून आणि जखमेपासून लांब. झुलीखाली तर कधीच नाही, आणि हातात मोजे घालून. लतीफने प्रत्येक गोष्ट तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. दर वेळी कानांचंच कारण होतं असं नाही.

शबनम वाचली. पण लतीफ हातात साधं ओलं फडकं घेऊन आला तरी ती मान फिरवून भिंतीकडे तोंड करायची. दाणा खदीजाच्या हातून खायची. लतीफचं जेवण सुटलं होतं.

आठव्या दिवशी त्याने कारखान्यातून टाकाऊ सुताची गुंडी आणली आणि दिवसभर बसून झालर विणली. कपाळावर बांधायची पट्टी आणि तिला डोळ्यांवर लोंबणारे दोरे. मान हलली की दोरे हलतील आणि माशा उडतील. ना तेल, ना दवा. ती घेऊन तो जवळ गेला तर शबनम मागे सरकली. मग त्याने झालर स्वतःच्याच कपाळाला बांधली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिला. खदीजा दारातून बघत होती. हसू आलं तरी ती हसली नाही.

बऱ्याच वेळाने शबनम पुढे आली. तिने दोरे हुंगले, एक ओढून चावून पाहिला. मग मान खाली घातली. लतीफने कपाळावरची झालर सोडून तिच्या कपाळाला बांधली आणि हात मागे घेतला. ती हलली नाही. तो सावकाश उठून उभा राहिला, तशी तिने हनुवटी त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवली.