दोन रिंगा

एक रिंग गेली आणि लाईन तुटली.

आमोसनं रिसिव्हर कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला. आत नुसती घरघर होती.

"बनुबाई, तुटली की!"

"आज लाईनच खराब हाय, भाऊ. सकाळधरनं आसंच चाललंय." काचेच्या खोलीबाहेर टेबलाशी बसलेल्या बनुबाईनं मान वरही केली नाही. "दाबा परत बटन. तुमच्या रिंगेनं माझ्या मीटरला कुठं तोशीस पडतीय!"

हा तिचा रोजचा टोमणा. रोज दिवेलागणीला आमोस देवळालीच्या स्टँडजवळच्या तिच्या बूथवर यायचा, विलायतेला फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. पलीकडून उचलला नाही की पैसे पडत नाहीत. बनुबाई कुरकुरायची, पण खोलीतलं स्टूल तिनं फडक्यानं पुसून ठेवलेलं असायचं.

पलीकडे त्याची आराधना होती. नगरला नर्सिंग शिकलेली त्याची एकुलती एक लेक सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडच्या एका हॉस्पिटलात गेली होती. पास झाली तर तिथंच नोकरी. मधेच सोडून आली तर नाव कटणार आणि पुन्हा घेणार नाहीत. निघण्याआधी तिनं नगरच्या दुकानात मोबाईलची चौकशी केली. दुकानदारानंच तिला सांगितलं, की बाई, इथला फोन तिकडं नेशील तर बोलायचे पैसे आणि नुसतं ऐकायचेही पैसे, पगार त्यातच जाईल. तिथं गेल्यावर केरळच्या एका नर्सनं तिला वाट दाखवली. जुना हँडसेट घ्यायचा, त्यात तिथलंच कार्ड घालायचं, म्हणजे आलेला फोन फुकट. बोलायचंच झालं तर स्वस्तातलं कॉलिंग कार्ड घेऊन रस्त्यावरच्या फोनच्या डब्यातून बोलायचं. आणि रोजची खुशाली रिंगांवर.

इथं दिवेलागण, तेव्हा तिथं जेवणाची सुट्टी. ताटाशेजारी मोबाईल ठेवून ती कँटीनमध्ये बसायची. दोन रिंगा म्हणजे आई बरी आहे. रिंग वाजतच राहिली तर, बोलायचंय, बनुबाईच्या नंबरवर फोन कर.

"दोन कशाला बाबा, एकच ठेवू," ती म्हणाली होती.

"एक नको, पोरी. एक टोला मयताचा."

आमोस चर्चची घंटा वाजवायचा. बापाच्या हातातला दोर त्याच्या हातात आला, त्याला तीस वर्षं होऊन गेली. उपासनेला भराभर, लग्नाला त्याहून भराभर. गावात कोणी ख्रिस्तवासी झालं की मात्र एकच टोला द्यायचा, दोर सैल सोडायचा, आवाज उसाच्या शिवारावरून जाऊन विरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचा. लहानपणी आराधना त्याच्याजवळ पायरीवर बसून असायची. घंटेचा हिशेब तिला बाराखडीच्या आधी आला होता.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. बराच वेळ पोकळीत काहीबाही खुडबुडलं. एक रिंग. तुटली.

पुन्हा दाबलं. एक रिंग. तुटली.

दोन गेल्याशिवाय लेकीचा घास उतरणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं आणखी एकदा दाबलं आणि रिंग जायची वाट पाहत उभा राहिला. तेवढ्यात त्याचं उजवं मनगट आपसूक सैल झालं. दोर सोडल्यावर व्हायचं, तसं. किती थांबायचं, पुढचा कधी, हे मनगटाला ठाऊक होतं. एक रिंग गेली. लाईन तुटली.

आमोसनं रिसिव्हर खाली ठेवला.

"बनुबाई," तो खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "मी मयताची वाजवली."

"आं? कुनाच्या?"

"हन्नाच्या. तिकडं, पोरीच्या कानात. एकएक करून वाजवली गं!"

बनुबाईला क्षणभर काही कळेना. कळलं तशी ती खुर्चीवरून उठली. आमोसच्या बायकोच्या, हन्नाच्या काळजाची झडप निकामी होत चाललीय, हे गावाला माहीत होतं. दवाखान्यातून घरी आलेल्या आईला सोडून जायला आराधना तयार नव्हती, आणि "तू गेली न्हाईस तर मी गोळ्या गटारात टाकीन," असं म्हणून हन्नानंच तिला गाडीत बसवलं होतं, हेही माहीत होतं.

"लावा मग! वाजू द्या मोप!"

आमोसनं लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. पोर कोणाशी बोलतेय? विमानवाल्यांशी? पुन्हा त्यानं बोट उचललं, तर बनुबाईनं येऊन त्याच्या हातातला रिसिव्हर काढूनच घेतला आणि ठेवून दिला.

"गप बसा. तिच्या लाईनीत गर्दी आसंल, न्हाईतर आजूक कायबी. तुमी आसं धरून बसल्यावर ती हितं लावनार कशी?"

दोघं फोनकडे बघत राहिले. बाहेर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांची घुंगरं वाजत होती. त्या आवाजानं दोनदा आमोस दचकला.

फोन वाजला.

"बाबा," आराधनाचा आवाज अगदी सपाट होता. "कधी?"

"अगं न्हाई! आई बरी हाय. लाईन तुटत हुती. आई बरी हाय गं!"

त्यानं रिसिव्हर कानाला आणखी दाबला.

"आराधना? ऐकू आलं का? बरी हाय म्हनलो मी!"

"आजीच्या वेळी तुम्ही होस्टेलवर फोन केला होता," ती म्हणाली. "आजी बरी आहे, सहज येऊन जा, म्हणाला होतात. मी आले, तर दारात मांडव होता."

मयताची बातमी कधी कोणी फोनवर सरळ सांगतं का? माणूस वाटेत कोसळू नये म्हणून बरंच आहे म्हणायचं, ही इथली रीत. सगळेच म्हणतात. त्यानंही म्हटलं होतं. आता खरं बोलायला त्याच्याकडे तेच शब्द होते आणि ते आधीच वापरून संपले होते.

"देवाशपथ सांगतो..."

"तुम्ही देवाची शपथ घेता कधी, बाबा?" आता तिचा आवाज फुटला. "माझं ट्रेनिंग बुडेल म्हणून लपवताय ना? मी वॉर्डच्या सिस्टरना सांगितलंय. बॅग भरायला चाललेय."

"आईचंच ऐक मग! तिला आनतो हितं. तवर थांबशील का? तेवढं थांब गं."

"थोड्या वेळानं परत करते," ती म्हणाली. "आई बोलली नाही, तर मी निघाले."

घर गावाच्या त्या टोकाला, चर्चच्या मागं. आमोस सायकलवरून असा सुटला की पारावरची माणसं उभी राहिली. हन्ना चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

"ऊठ. पोरीशी बोलायचंय."

"काय झालं तिला?"

"तिला न्हाई. तुला झालंय." आणि हन्ना बघतच राहिली, तसा तो ओरडला, "तू मेलीस आसं वाटतंय तिला!"

"अवो, मग सांगायचं की, न्हाई मेली म्हनून!"

"सांगितलं. माझं कोन ऐकतंय?"

हन्ना पिठाच्या हातानंच उठली. आमोसनं तिला कॅरिअरवर बसवलं आणि एक हात तिच्या पाठीशी धरून सायकल ढकलत निघाला. चढ आला, तशी ती उतरून चालायला लागली. तिला बसवून सायकल चढावर ढकलवेना. दर चार पावलांनी ती थांबे. आमोसला तिला घाई करवेना आणि थांबूही देववेना.

बूथपाशी पोचले, तर बनुबाई रिसिव्हर हातात धरून दारात उभी होती, वायर ताणता येईल तेवढी ताणून.

"आली गं, आली! ही बघ आली! ठिवू नको, बाई!"

हन्नानं रिसिव्हर घेतला. तोंड उघडलं. आवाज फुटेना. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठ निळसर पडले होते. आमोसनं तिच्या डोक्याजवळ कान नेला.

"हॅलो? आई? बाबा, कोणाला उभं केलंय?" आराधना विचारत होती. "आई असेल तर बोलत का नाही?"

हन्ना बोलायचा प्रयत्न करत होती. फक्त श्वास येत होता. आत ओढताना शिट्टीसारखा, बाहेर सोडताना अडखळत. आमोसनं डोळे मिटले.

पलीकडचं बोलणं थांबलं. कार्ड संपलं की काय, असं वाटावं इतका वेळ थांबलं.

"आई," आराधना म्हणाली. आवाज वेगळाच होता, वॉर्डातला. "आधी खाली बस. स्टुलावर बस, पाय खाली सोड. बोलू नकोस. तोंडानं हळूहळू सोड. हां. अजून एकदा. चालत आलीस ना तू? लघवीची गोळी घेतली होतीस सकाळची?"

हन्नानं मान हलवली.

"मान हलवतीय गं!" बनुबाई आमोसच्या खांद्यावरून ओरडली. "व्हय म्हनतीय!"

पलीकडे आराधना हसली, आणि हसता हसताच तिचा हुंदका आला.

हन्नाला थोड्या वेळानं शब्द सापडले. "थंडी हाय का... लई तिथं?"

"आहे."

"कान बांधीत जा. आन् ती बॅग... ठिव खाली."

"ठेवली."

मग हन्नानं रिसिव्हर आमोसकडे दिला.

"बाबा, चिडू नका," आराधना म्हणाली. कार्ड संपत आल्याची पींपीं मधेमधे येत होती. "उद्यापासून रिंग देऊ नका. रोज त्या सुट्टीत मी फोनकडे बघत बसते. दुसरी रिंग येईपर्यंत घास तसाच तोंडात असतो. आजच्यासारखं पुन्हा झालं, तर मला नाही झेपायचं. काही आलं नाही, म्हणजे आई बरी आहे, असं धरीन मी. रविवारी मीच करीन."

"बरं," आमोस म्हणाला.

त्याला आणखी काही म्हणायचं होतं. लाईन तुटली होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यानं हातपाय धुतले, टोपी घातली आणि अंगणात सायकलपर्यंत गेला. हँडलला हात लावून तो थोडा वेळ उभा राहिला. मग टोपी काढून परत आत आला.

"गेला न्हाई?" हन्नानं विचारलं.

"आज काय काम न्हाई तिकडं."

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. आमोस भिंतीला टेकून बसला. तिचा श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता, बाहेर येताना अडखळत होता. तो ऐकत बसला. एक गेला, की पुढचा येईपर्यंत थांबत होता.