पुढच्या दारातला रॅम्प

मी एक जुना लाकडी रॅम्प आहे आणि माझी जागा पुढच्या दारात आहे. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, कारण मला मागे ढकलायला टपलेले लोक अजून आहेत.

हे दार एका जुन्या वाचनालयाचं. जुन्या इमारतींच्या जतनात जन्म घालवलेल्या प्राध्यापक बाईंनी मला इथे आणलं. इमारत जपायची ती कुणासाठी, हा त्यांचा कायमचा प्रश्न. नकाशा काढण्याआधी त्या आसपासच्या सगळ्यांना दारात बोलवत आणि आत कोण जाऊ शकत नाही ते बघत. इथे एका शिंपिणीची चाकाची खुर्ची पायऱ्यांपाशी अडली.

"मागून या की," व्यवस्थापक म्हणाले.

"मागून कचरा जातो," बाई म्हणाल्या. "माणसं पुढूनच येतील."

सुताराने माळ्यावरच्या जुन्या फळ्यांतून मला घडवलं. शिंपीण माझ्यावरून आत गेली तेव्हा मला जो आनंद झाला, तो काय सांगू! माझे फोटो छापून आले, विद्यार्थी बघायला आले. मग कौतुक ओसरलं. तेलपाणी बंद झालं, कड कुजली. तरी बाबागाड्या, कुबड्या, पुस्तकांच्या पेट्या, सगळं मी वाहिलं.

पुढे वाचनालयात बाईंचाच सत्कार ठरला. फोटोत इमारत मूळच्यासारखी दिसावी म्हणून व्यवस्थापकांनी मला उचलून कचऱ्याच्या डब्यांमागे टाकलं. उचलणं सोपं होतं. जुन्या दगडाला खिळा ठोकायचा नाही, ही बाईंचीच शिस्त, म्हणून मी नुसता टेकवलेला होतो.

बाई आल्या. शिंपीण खालीच थांबलेली दिसली, तशा तिच्याशेजारी फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या. पाहुणे आत ताटकळले.

"बाई, वर चला. लोक काय म्हणतील?" व्यवस्थापक काकुळतीला आले.

"तेच ऐकायला बसलेय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सुताराला हाक मारली. "तो रॅम्प परत आण. या वेळी दगडाला भोक पाड."

सुतार चपापला. दगडावर ओरखडा उठला तरी बाईंचं डोकं फिरायचं.

"पाड," बाई म्हणाल्या. "दगड सोसेल. हिने पुष्कळ सोसलंय."

आता मी बोल्टांनी घट्ट बसलोय. उचलून दाखवाच!

मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या, कुजलेली फळी बदला. पण जपायचं म्हणून माझ्याभोवती दोरी बांधून 'पाय ठेवू नये' अशी पाटी लावाल, तर खबरदार. माझ्यावरून खुशाल जा. मला झिजायचंय.